इंजिनाचे हुक

गोपाळ बिडवई आमच्या शाळेत लिपिक होते. जानेफळच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायला लागले तेव्हा ते तिथे आधीपासून होते, आणि सगळं गाव त्यांना बाबू म्हणायचं. दाखला हवा असला की बाबू, शिष्यवृत्ती अडली की बाबू. उंच, थोडे वाकलेले, खिशात कायम दोन पेनं. शाळेजवळच भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे. लग्न का केलं नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "राहून गेलं, मॅडम." बाजारातून काहीतरी आणायचं राहून गेल्यासारखं.

त्यांना एकच शौक होता. जर्मनीत नोकरीला गेलेल्या मावसभावानं त्यांना तरुणपणी एक छोटी आगगाडी आणून दिली होती. लाल डिझेल इंजिन, चार डबे आणि लंबगोल मांडायचे रूळ. इंजिन तळहातावर मावायचं, पण खऱ्या इंजिनाची प्रत्येक गोष्ट त्यात होती. दिवे लागायचे, खिडकीच्या आत चालकाची खुर्चीसुद्धा दिसायची. आमच्या भागात रेल्वे नाही. खामगाव–जालना मार्गाचं बोलणं मी माझ्या आजोबांपासून ऐकते आहे. लोणार, मेहकर, सिंदखेडराजा या बाजूच्या मुलांना आगगाडी पाहायची तर शेगाव नाहीतर जालना गाठावं लागतं. म्हणून एका वर्षी विज्ञान प्रदर्शनात मी बाबूंना ती गाडी मांडायला लावली.

तिथं गुलाबराव सुरुशे आले. गावातले बऱ्या शेतीचे शेतकरी, शाळा समितीवर होते, आवाज मोठा आणि रागही मोठा. फीत कापून ते आत आले, गाडीसमोर स्टूल ओढून बसले आणि उठलेच नाहीत. त्यांचं लहानपण मलकापूरला आत्याकडे गेलं होतं, रुळांना लागून असलेल्या घरात. प्रदर्शन संपलं, मुलं पांगली, तरी ते म्हणाले, "बाबू, अजून एक फेरी होऊ द्या."

त्यानंतर या दोघांची जी मैत्री झाली तशी मैत्री मी दोन प्रौढ माणसांत पुन्हा पाहिली नाही. गुलाबरावांनी आपल्या घराचा माळा रिकामा करून दिला. प्लायवूडच्या मोठ्या मांडणीवर त्यांनी जी रेल्वे आमच्याकडे कधी आलीच नाही ती मांडली. सरकारी नकाशात ती चिखलीवरून जायची. यांनी ती जालन्याहून निघून दुसरबीड, मेहकर आणि जानेफळ करत खामगावला नेली. डोंगर प्लास्टरचे, झाडं घासणीच्या काथ्याची. दुरुस्ती सगळी गुलाबरावांची, कारण त्यांच्या जाड बोटांत अजब हलकेपणा होता. गाडी चालवणं बाबूंचं. शाळा सुटली की बाबू थेट माळ्यावर जायचे. रात्रीचं जेवण तिथंच. गुलाबरावांची बायको पुष्पाबाई दोघांना खालूनच हाक मारायच्या, "या आता खाली, भाकरी थंडी होऊन राह्यली."

आणि स्टेशनांची नावं पुकारायचं काम प्रतीक्षाचं. गुलाबरावांची ती एकुलती एक मुलगी. गाडी वळणावर आली की ती तोंडासमोर मूठ धरून घोषणा करायची. बाबूंना ती बाबूकाका म्हणायची आणि तिचं गणित बाबूंनीच तयार करून घेतलं. पुढे ती मेहकरला कॉलेजात गेली, तरी सुट्टीच्या दिवशी माळ्यावर तिची जागा ठरलेली होती.

कॉलेजात असतानाच तिचं आणि गणेशचं जुळलं. गणेश आमच्याच शाळेतून पास झालेला, लोणारला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलेला. शांत मुलगा. पण जात दुसरी. प्रतीक्षाला ठाऊक होतं की घरी विचारलं तर काय होईल. तिनं घरी विचारलं नाही, बाबूंना विचारलं. साक्षीदार म्हणून सही कराल का, एवढंच. बाबू तिच्याबरोबर नोंदणी कार्यालयात गेले आणि सही करून आले. त्या संध्याकाळीही ते माळ्यावर गेले होते, हे मला नंतर कळलं. गाडी चालवली, जेवले आणि काही बोलले नाहीत.

दोन दिवसांनी गुलाबरावांना सगळं कळलं. सहीसकट.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. ब्राह्मण बोलावला, आचारी बोलावले आणि जिवंत मुलीची तेरवी केली. गावजेवण घातलं. शाळेतल्या शिक्षकांनाही निरोप आला होता. आमच्यातलं कुणी गेलं नाही, पण गाव जेवून आलं. त्याच दिवशी त्यांचा गडी खताचं पोतं घेऊन बाबूंच्या खोलीवर आला आणि ते त्यानं उंबऱ्यातच ओतलं. इंजिन, चार डबे आणि मूळचे लंबगोल रूळ फरशीवर पडले. इंजिनाचे दोन्ही हुक तुटले.

हे हुक म्हणजे काय ते सांगायला हवं. डब्याला डबा जोडायचा तर प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकचा एक हुक असतो, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, आणि त्याच्यामागे केसासारखी बारीक स्प्रिंग. हुकात हुक अडकला की गाडी झाली. इंजिनाचे हुक गेले तर इंजिन एकटं पळतं. डबे जागेवर राहतात.

बाबूंनी सगळं गोळा करून खोक्यात भरलं आणि खोकं कपाटावर टाकलं. पुढं ते निवृत्त झाले आणि लोणारला आपल्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आले. प्रतीक्षा आणि गणेशचं बिऱ्हाड दोन गल्ल्या पलीकडे होतं. माझ्या यजमानांच्या नोकरीमुळे मीही तोवर लोणारला आले होते, त्यामुळे येणंजाणं राहिलं. प्रतीक्षाला मुलगी झाली, इरा. तिच्या बारशाचा निरोप जानेफळला गेला होता. उत्तर आलं नाही.

इरा पाच वर्षांची असताना प्रतीक्षा आणि गणेश दुकानाचं सामान आणायला संभाजीनगरला गेले होते. इराला ताप होता म्हणून तिला बाबूंकडे ठेवलं होतं. परत येताना हायवेवर गाडीचा टायर फुटला आणि गाडी उलटली. प्रतीक्षा जागीच गेली. गणेशच्या पायाचे तुकडे झाले.

जानेफळला फोन बाबूंनीच केला. मी शेजारी उभी होते. गुलाबरावांचा आवाज मोठा, त्यामुळे मला फोनमधून सगळं ऐकू आलं.

"कोणाची प्रतीक्षा?"

"गुलाबराव, आपली प्रतीक्षा. तिले घरी आणून राह्यले. तुम्ही अन् वहिनी निघा लगेच."

"माझी पोरगी मी तवाच पोहोचवली. गावानं जेवण केलं तिचं. एका माणसाचं दोनदा करत नसतात, बाबू."

आणि फोन बंद. पुष्पाबाईंना त्यांनी सांगितलंच नाही. त्या बाईला आपली मुलगी मेल्याचं तिसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळलं, तोवर इकडं राखही सावडून झाली होती.

बाबू त्यानंतर फार कमी बोलायला लागले. गणेश काठी घेऊन हळूहळू दुकानात जाऊ लागला. इरा शाळेतून थेट बाबूंकडे यायची आणि गणेश दुकान बंद करून तिला घेऊन जायचा. तिला झोपवताना प्रतीक्षा त्या आगगाडीच्या गोष्टी सांगायची, असं दिसतं. कारण एक दिवस तिनं बाबूंना विचारलं, "बाबूआबा, आईची रेल्वे कुठंय?"

बाबूंनी खोकं खाली काढलं. घरातल्या मोठ्या खोलीत लंबगोल रूळ मांडले. इंजिन सुरू झालं, त्याचं त्यांनाच नवल वाटलं. पण ते एकटंच गरगर फिरत राहिलं. इरा डब्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "हे काऊन नाही जात?"

तिथून हुकांचा शोध सुरू झाला.

सुरुवातीला मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे. आजकाल काय मिळत नाही? मीच मोबाईलवर शोधून मुंबईच्या एका दुकानातून मागवले. आले ते हुक नव्हतेच. आवळलेल्या मुठीसारखे दिसणारे, अमेरिकी पद्धतीचे. ते एकमेकांत अडकत होते, पण आमच्या डब्यांच्या हुकात बसत नव्हते. दुसऱ्यांदा फोटो पाठवून मागवले. या वेळी हुक बरोबर आला, पण त्याची मागची दांडी इंजिनात शिरेना. नव्या इंजिनांना हुक खोचायला खाच असते. बाबूंचं इंजिन त्याच्या आधीचं, त्यात हुक एका बारीक रिव्हेटवर फिरणारा. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांशी फोनवर बोलणं झालं. त्यांनी नीट सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की या इंजिनाचे सुटे भाग बनणं केव्हाच थांबलं. असंच एखादं बंद पडलेलं इंजिन सापडलं तर त्याचे काढून लावा. असं इंजिन कुठं सापडणार? गणेशनं कुणा मित्राकडून बुलडाण्याच्या कॉलेजात थ्रीडी प्रिंटरवर हुक छापून आणले. दिसायला अगदी तसेच. पहिल्याच ओढीला ते तुटले.

मग बाबू म्हणाले, दुसरबीडला पुंजाजी सोनार आहेत, बारीक काम करतात. मी स्कुटी काढली. पुंजाजींनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि पितळेचा हुक घडवून दिला. सुंदर होता. घरी आणून लावला, तर त्याच्या वजनानं वळणावर इंजिन रुळावरून उतरायचं. पुंजाजींनी तो घासून हलका करून दिला, तेव्हा तो वाकायला लागला. "हे सोन्याचं काम नाही, बाबू. सोन्याले ओढ सोसावी नाही लागत," असं म्हणून त्यांनी हात जोडले.

येताना आम्ही वाटेत बीबी गावात चहाला थांबलो. बाबू चहा प्यायले नाहीत. कप हातात धरून म्हणाले, "मॅडम, खरे हुक आहेत."

"कुठं?"

"जानेफळला. गाडीच्या मूळ खोक्यात चार स्पेअर होते. दुरुस्ती गुलाबराव करत म्हणून त्यांच्यापाशी दिले होते. मले पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

मला राग आला नाही. मुंबई, पुणे, बुलडाणा, दुसरबीड. ते एवढे कशासाठी फिरत होते ते मला कळलं. दुसरीकडे कुठंही मिळाले असते तर जानेफळला जावं लागलं नसतं.

पुढच्या रविवारी आम्ही एसटीनं मेहकर केलं आणि तिथून जानेफळ. गाव तसंच होतं. गुलाबराव ओट्यावर बसले होते. किती खंगले होते! गळ्याची कातडी लोंबत होती. मला पाहून म्हणाले, "या मॅडम." बाबूंना या म्हणाले नाहीत. पुष्पाबाई पाण्याचे दोन ग्लास घेऊन बाहेर आल्या आणि दोन्ही ग्लास माझ्यासमोर ठेवले.

"काऊन आले?" गुलाबरावांनी बाबूंकडे न पाहता विचारलं.

"हुक पायजे होते, इंजिनाचे. तुमच्यापाशी राह्यले होते ते."

"एवढ्या वर्षांनं हुक?"

"गाडी चालवायची होती."

"कोणासाठी? तुमचं तर कोणी नाही."

बाबूंनी खिशातली पेनं नीट केली. मग म्हणाले, "इरासाठी. प्रतीक्षाची पोरगी. सात वर्षांची झाली."

दाराच्या आड पुष्पाबाईंच्या बांगड्या वाजल्या. गुलाबराव उठून आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला वाटलं, आता येणारच नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात जर्द्याची जुनी डबी होती. त्यांनी ती उघडून ओट्यावर ठेवली. आत पांढराशुभ्र कापूस आणि त्यावर चार काळे हुक, स्प्रिंगांसकट.

"जपून ठेवले," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "माळ्यावर सोयाबीनची पोती आहेत. पण खाली मांडणी तशीच आहे. पोती हलवतो. पोरीले घेऊन या इथं. पुन्हा चालू करू सगळं."

बाबूंचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "आणतो, गुलाबराव. पुढच्याच रविवारी आणतो. गणेशले पण..."

"तो नाही."

"म्हणजे?"

"त्यानं ह्या उंबऱ्यात पाय नाही ठेवायचा. पोरगी इथंच राहील. शाळा आहे गावात. आजी आहे, खायले-प्यायले आहे. तो करंल दुसरी बायको. तुम्ही सांगितलं तर ऐकंल तो. तुमचं ऐकतात सारे."

"बाप आहे तो तिचा."

"मी पण बापच होतो!" आता तो जुना मोठा आवाज बाहेर आला. रस्त्यावरचा एक माणूस थांबला. "मले कोणी इचारलं? माझ्या घरी रोज भाकर खाल्ली तुम्ही, अन् माझ्या पोरीच्या कागदावर सही ठोकली. तवा हात नाही थरथरला. आता घाबरता काऊन? तुम्ही पोरगी नेली, तुम्हीच पोरगी आणून द्या. हिशेब झाला."

मी मध्ये काहीतरी बोलले, आजोबांनी नातीला भेटावं वगैरे. दोघांनीही ऐकलं नाही.

बाबू डबीकडे पाहत होते. मग हळू म्हणाले, "नाही सांगणार मी त्याले."

"नाही?"

"पोरगी बापापाशीच राहील. तुम्ही या. वहिनीले घेऊन या, कवाबी या, राहा पाहिजे तेवढे दिवस. पण पोरगी मागू नका, गुलाबराव."

गुलाबरावांनी मान हलवली, जशी काही त्यांना हीच अपेक्षा होती. दाराला लावायचा दगड बाजूला पडला होता. तो त्यांनी उचलला आणि डबीवर घातला. मग पुन्हा घातला. पत्रा चेपला, कापूस उडाला, काळे बारीक तुकडे ओट्यावरून खाली सांडले. ते दगड घालतच राहिले, डबीचं काही उरलं नव्हतं तरी. शेवटी दगड हातातून सुटला आणि ते ओट्याला टेकून उभे राहिले, धापा टाकत.

"झालं," ते म्हणाले. "जा आता."

मेहकरला आम्ही बस बदलली आणि बाबूंनी खिडकीची जागा धरली. मग म्हणाले, "कापूस नवा होता, मॅडम. पाह्यलं का तुम्ही? अधूनमधून बदलत असतील." आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

मला वाटलं होतं, इथं हे संपलं. पण त्याच आठवड्यात एका दुपारी पुष्पाबाई एकट्या लोणारला आल्या. आयुष्यात त्या एकट्या एसटीनं कुठं गेल्या नव्हत्या. मोबाईलवाल्या गणेशचं दुकान विचारत विचारत पोचल्या. गणेश मला नंतर सांगत होता, की त्या दुकानासमोर उभ्या राहिल्या, त्याच्या काठीकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, "पोरगी कुठं आहे?"

इरा माझ्यासमोरच बाबूंच्या घरी अभ्यास करत होती. दारात पुष्पाबाई दिसल्या तसे बाबू खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांनी बाबूंकडे पाहिलं नाही. इराजवळ खाली बसल्या, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नुसत्या पाहत राहिल्या. इरा घाबरली. मग पुष्पाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि टेबलावर काहीतरी ठेवलं. एक हुक. धड, न मोडलेला. दगड पडताना उडून कोंबड्यांच्या खुराड्यापाशी गेला होता, त्यांना झाडताना सापडला.

"वहिनी," बाबू म्हणाले.

"पोरीसाठी आणला," पुष्पाबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी नाही."

गाडी ओढायला इंजिनाला मागचा एकच हुक लागतो. त्याची स्प्रिंग गेली होती; गणेशनं एका जुन्या फोनमधली बारीक स्प्रिंग कापून बसवली आणि रिव्हेटच्या जागी टाचणीचा तुकडा घातला. संध्याकाळी गाडी चालली. चारही डबे इंजिनामागून निघाले, वळणावर हेलकावले आणि सरळ झाले. मी, गणेश, बाबू, सगळे फरशीवर बसलो होतो. पुष्पाबाई भिंतीला टेकून होत्या. इरानं तोंडासमोर मूठ धरली आणि ओरडली, "पुढील स्टेशन जानेफळ! जानेफळ!" हे तिला कुणी शिकवलं असेल ते सांगायला नको. पुष्पाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. रडत नव्हत्या.

मी म्हटलं, "बाबूंना एवढं तोडू नका, पुष्पाबाई. त्यांनी मुलीचं वाईट चिंतलं नव्हतं."

त्या म्हणाल्या, "घरच्या माणसानं मले सांगितलं नाही, पोरगी मेली तवा. अन् बाबूनं मले इचारलं नाही, पोरगी गेली तवा. मी त्या दोघांले भाकरी थापत राह्यली, मॅडम. अन् दोघं वर गाडी-गाडी खेळत राह्यले."

मी बाहेर येऊन पुन्हा फरशीवर बसले.

त्या दुसऱ्या दिवशी जानेफळला परत गेल्या. गुलाबरावांनी दार उघडलं नाही. दिवसभर त्या आपल्याच घराच्या ओट्यावर बसून होत्या. आतून रेडिओचा आवाज येत होता, म्हणजे माणूस आत होता. शेजाऱ्यांनी समजावलं, पुतण्यानं दार ठोकलं. संध्याकाळी पुतण्या त्यांना आपल्याकडे घेऊन गेला आणि सकाळी त्या नेसत्या लुगड्यानिशी पुन्हा लोणारला आल्या. गणेशनं त्यांना घरात घेतलं. स्वतःचा पलंग त्यांना दिला.

गुलाबराव उन्हाळ्यात गेले. जवळ कुणी नव्हतं. दुधाला आलेल्या बाईला संशय आला तेव्हा दार तोडलं. पुतण्यानं अग्नी दिला. बाबू गेले होते, मीही गेले होते. बाबूंना कुणी बोललं नाही आणि कुणी हाकललंही नाही. ते बाभळीखाली शेवटपर्यंत उभे होते. तेरवीला पुष्पाबाईंनी माळा मोकळा करायला लावला. प्लायवूडची ती मांडणी, डोंगर, स्टेशनं, सगळं कुऱ्हाडीनं फोडून त्यांनी स्वयंपाकाच्या चुलीत घालायला सांगितलं. आचारी म्हणाला, रंगाचा वास येतोय. त्या म्हणाल्या, येऊ द्या.

मी बाबूंना एकदा सरळच विचारलं होतं, ती सही केली नसती तर बरं झालं असतं, असं वाटतं का?

"नाही," ते म्हणाले. "पोरगी सज्ञान होती. गणेश चांगला होता. आज आली तर आजही करीन." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण त्या संध्याकाळी मी वर बसलो होतो, मॅडम. गुलाबराव मले रुळाचा सांधा दाखवत होते. मले सांगता आलं असतं. मार खाल्ला असता, पण सांगता आलं असतं. वहिनी ताट वाढत होत्या, त्यांले तरी सांगता आलं असतं. मी मुकाट जेवलो."

गाडी आता फारशी निघत नाही. तो एक हुक मोडला तर दुसरा नाही, म्हणून बाबू जपतात. आणि खरं म्हणजे इराचं लक्षही आता सायकलवर आहे. बाबूंच्या डाव्या डोळ्याला दिसत नाही. संध्याकाळी ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. त्याच वेळी पुष्पाबाई इराला शिकवणीवरून घेऊन त्या गल्लीतून जातात. इरा आजीचं बोट सोडून धावत येते, बाबूंना शाळेतलं काही सांगते, त्यांच्या खिशातलं पेन काढून पाहते. पुष्पाबाई पलीकडे विजेच्या खांबापाशी दुसरीकडे तोंड करून उभ्या राहतात. हाक मारत नाहीत, घाईही करत नाहीत. मुलीचं बोलून होईपर्यंत थांबतात, मग तिला घेऊन जातात.